बी.डी. (पाळकांच्या धर्मशिक्षणाची पदवी) करायला पुण्याला जावं का? पण परत नवापूरलाच यायचंय

रंगावलीकाठ
सगळ्यांना सलाम.

हा धागा काढू की नको, यात दिवाळीपासून अडकलो होतो. आज काढतोच.

मी नवापूर तालुक्यातला, वय २६. बी.ए. झालंय, तीन वर्षं आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षक आहे. घरात मावची बोलतो, शाळेत मराठी, बाजारात निम्मी गुजराती. बाबा आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. सातवीपर्यंत शिकले, पुढे दोन वर्षं बायबल शाळा केली आणि तेवढ्या शिदोरीवर चाळीस वर्षं मंडळी सांभाळली. मयत असो, बारसं असो, भाऊबंदकीचं भांडण असो, बाबा सायकल काढतात आणि जातात.

मागच्या पावसाळ्यात तरुण संघाच्या बैठकीत बारावीच्या एका पोराने त्यांना विचारलं, "यरीहोत लहान लेकरं पण मारली, असं बायबलात यहोशवाच्या पुस्तकात आहे. मग देव प्रेमळ कसा?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरा, मला नाही सांगता येत. तू रविवारी थांब, आपण दोघं परत वाचू." मला बाबांचा अभिमान वाटला. पण तो पोरगा पुढच्या रविवारी आला नाही, त्यानंतरही नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असं आमच्या अख्ख्या पट्ट्यात कुणी नाही, हे मला तेव्हापासून सलतंय. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, जायचं मनात पक्कं झालं ते तिथून.

आता दुसरी बाजू. शेजारच्या गावातला एक दादा चार वर्षं सेमिनरीत शिकून आला. हुशार, मनाने चांगला. आमच्या नात्यातली एक म्हातारी वारली तेव्हा संदेश त्याने दिला. "तारणाचं अस्तित्वात्मक परिमाण" असे शब्द होते. परत येताना माझी आत्या मावचीत म्हणाली, "पोरगा छान बोलला. पण आपल्या म्हातारीबद्दल काही बोलला का?" मला तिला काही सांगता आलं नाही.

म्हणून विचारतो. शिकायचं तर कुठे, किती वर्षं? आणि शिकून असं परकं व्हायचं नसेल तर काय करायचं? मंडळीतले वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, म्हणतात, "चार वर्षं घालवशील, तोवर घर कोण बघणार?" आई काही म्हणत नाही, पण स्थळं बघणं तिने थांबवलेलं नाही.

हिरवी_मिरची
मी नंदुरबारची, ख्रिस्ती नाही. पण धागा वाचून थांबले. माझा धाकटा भाऊ आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं होता. १९१७ ची संस्था आहे. तिथे ज्ञानेश्वरी, गाथा, संस्कृत, पखवाज असं सगळं करून तो कीर्तनकार झाला. परत आला तेव्हा आमची आजी त्याला म्हणाली, "आता तू फार शुद्ध बोलतोस रे." त्याला ते लागलं. मग तो मुद्दाम अहिराणीत दाखले द्यायला लागला. तुमची काळजी मला अगदी ओळखीची वाटली.

एक विचारू का? सेमिनरीत नक्की शिकवतात काय? बायबल तर घरीही वाचता येतं.

जुना_पाळक
ताई, प्रश्न चांगला विचारलात. आणि रंगावलीकाठ, बाळा, तुलाही याच उत्तरात बरंच सापडेल. मी साक्री तालुक्यातला, आता निवृत्त. सत्तरच्या दशकात यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलो. ती १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला हलली, त्याआधी यवतमाळातच होती. आम्ही भुसावळहून मुर्तिजापूरला उतरायचो आणि तिथून यवतमाळच्या शकुंतला गाडीत बसायचो. त्या गाडीत माझी अर्धी ग्रीक क्रियापदं पाठ झाली.

अभ्यासात जुना करार आणि नवा करार असतोच, पण एक-एक पुस्तक कुणी, कुणासाठी, कोणत्या संकटात लिहिलं हे धरून. मग ईश्वरज्ञान, ख्रिस्ती मंडळीचा दोन हजार वर्षांचा इतिहास, भारतातले इतर धर्म, नीतिशास्त्र, उपदेश कसा तयार करायचा, समुपदेशन. शनिवार-रविवार कुठल्या तरी मंडळीत नाहीतर वस्तीत प्रत्यक्ष काम. रोज सकाळी चॅपल. आणि वसतिगृह! मिझोरामचा, केरळचा आणि खानदेशचा अशी तीन पोरं एका खोलीत चार वर्षं काढतात. क्षमेचा अभ्यास तिथे जास्त होतो, हे मी मनापासून सांगतो.

आता हिब्रूचं. तेविसावं स्तोत्र कुणाला पाठ नाही? त्यात आपल्या मराठीत आकडी आणि काठी असे दोन शब्द आहेत. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ मी लहानपणापासून बघत आलो. बाभळीची फांदी वाकवायला त्यांच्याकडे लांब बांबूला लोखंडी आकडी बांधलेली असते. मला वाटायचं दाविदाच्या मनात तीच असेल. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, शेवेत आणि मिशएनेत. शेवेत म्हणजे आखूड, जाड दांडका, लांडग्याला हाणायचा. हाच शब्द राजदंडासाठी येतो, वंशासाठीही येतो. मिशएनेत ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ टेकणं. म्हणजे टेकायची काठी.

सुट्टीत घरी आलो आणि आमच्या शिवारात वाडा बसवलेल्या एका म्हाताऱ्या ठेलाऱ्याला हे सांगितलं. त्याला वाचता येत नव्हतं. तो हातातल्या काठीवर हनुवटी टेकवून उभा होता, तसाच म्हणाला, "बराबर शे. आम्ही हिच्यावरच उभ्या उभ्या झोपतो. मेंढरू हाललं की जाग येते." त्या दिवसापासून मी ते स्तोत्र मयतीला वाचतो तेव्हा हेच सांगतो. देव तुला हाकतो तेवढंच नाही, तुला टेकायला काठी देतो. हिब्रू वर्गातून मिळालं, पण पुरं झालं ते शिवारात.

तुझ्या आत्याचं म्हणणं खरं आहे, बाळा. त्या दादाने निम्मंच केलं. वर्गातलं घेऊन आला, पण ते शिवारात नेऊन कुणाला विचारलं नाही.

तापी_पॅसेंजर
सलाम पाळकसाहेब. धागा सुरेख चाललाय. मी भुसावळचा, रेल्वेत नोकरी, मंडळीत फक्त वडील. पदव्यांची थोडी माहिती देतो, कारण नावांत पोरं गोंधळतात.

आपल्याकडची जुनी वाट म्हणजे सेरामपूरची बी.डी. हे बंगालमधलं सेरामपूर, हुगळीच्या काठचं. आमच्या मंडळीत नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर समजून एकाने तिकिटाची चौकशी केली होती, म्हणून स्पष्ट लिहितो. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये कॉलेज काढलं. सेरामपूर तेव्हा डेन्मार्ककडे होतं, म्हणून १८२७ मध्ये डॅनिश राजाची सनद मिळाली. पुढे १९१८ चा सेरामपूर कॉलेज कायदा झाला आणि धर्मशिक्षणाच्या पदव्यांचा कारभार कॉलेजच्या सिनेट नावाच्या मंडळाकडे आला. देशभरातली कितीतरी सेमिनरी या सिनेटशी जोडलेली आहेत. अभ्यासक्रम एक, परीक्षा सिनेटची, पदवीही सिनेटची. बी.डी.नंतर एम.टीएच. आणि त्यापुढे डॉक्टरेट.

दुसरी वाट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेची. तिथे पदवीधरांसाठी एम.डिव्ह. असते, साधारण तीन वर्षांची. दर्जा म्हणाल तर दोन्ही एकाच पायरीवरच्या. अमेरिकेतही एम.डिव्ह.ला पूर्वी बी.डी.च म्हणत, नाव नंतर बदललं. आपल्याकडे जुनं टिकलं.

रंगावलीकाठ, तुझ्यासाठी कामाची गोष्ट. तुझ्या संस्थेत कोणत्या पदवीवर दीक्षा (पाळक म्हणून अधिकृत मान्यता) मिळते, हे आधी लेखी विचारून घे. काही मंडळ्या सिनेटचीच पदवी धरतात, काहींना तशी अट नसते. शिकून आल्यावर हे कळलं तर फार त्रास होतो. प्रवेशाला मंडळीचं शिफारसपत्र, तुझी साक्ष लिहून, वैद्यकीय दाखला, लेखी परीक्षा आणि मुलाखत लागते. शिफारसपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून वडिलांशी बोलणं टाळू नकोस.

केळीबाग
यात माझ्या घरचं एक घालतो. माझ्या चुलतभावाने फोनवर जाहिरात बघून एका ठिकाणी पैसे भरले. सहा महिन्यांत घरपोच "डॉक्टर" पदवी आली. ना ग्रंथालय, ना वर्ग, ना एकही पुस्तक. नाव सांगत नाही. त्याने विश्वासाने भरले, केळीचे आलेले पैसे होते. नंतर खऱ्या सेमिनरीत अर्ज केला तेव्हा तो कागद कुणी हातातही घेतला नाही. आज तो मंडळीत बसतो, पण पुढे येऊन प्रार्थना करायला सांगितलं की मान खाली घालतो. कृपा करून आधी बघा. सिनेटच्या किंवा असोसिएशनच्या यादीत नाव आहे का, तिथे शिकलेला एक तरी पाळक तुमच्या ओळखीचा आहे का.

रंगावलीकाठ
केळीबाग दादा, वाचून वाईट वाटलं. भावाला सांगा, त्याची भूक खोटी नव्हती.

पाळकसाहेब, ठेलाऱ्याची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे मी आजपर्यंत काठीबद्दल अर्धंच सांगितलं." मी म्हटलं, बाबा, तुम्ही स्वतःच काठी होतात. पुढे दोघांनाही बोलता आलं नाही.

एक अडचण अजून आहे. आमची निम्मी मंडळी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाते. बारडोली, सुरतकडे. पडावावर, म्हणजे तोडणीच्या तळावर, राहतात, नाताळही तिकडेच. चर्चमध्ये तेव्हा म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. मी जूनमध्ये पुण्याला गेलो तर पावसाळ्यात लोक गावात असतील तेव्हा मी नसेन. हे मन खातं.

सातपुडा_वारा
मी परिचारिका आहे, नंदुरबार जिल्ह्यातच. समुपदेशनाचा विषय वर आला म्हणून लिहितेय, नाहीतर मी फक्त वाचते.

आपल्या भागात सिकलसेल किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मागे एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा दुखण्याच्या झटक्यात दाखल झाला. हाडं दुखतात तेव्हा चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. एक प्रचारक आला, आई-बापाला म्हणाला, "घरात काही लपलेलं पाप असेल, कबूल करा." बाप भिंतीला डोकं टेकून रडायला लागला. हा आजार आई-बापाकडून आलेल्या जनुकांमुळे होतो, पापामुळे नाही, हे मी सांगायचा प्रयत्न केला. पण मी गणवेशात, तो बायबल हातात घेऊन. माझं कोण ऐकणार?

संध्याकाळी सेमिनरीतला एक विद्यार्थी आला, सुट्टीत सेवेसाठी आला होता. तो काहीच बोलला नाही. स्टूल ओढून खाटेजवळ बसला. दीड तास. मुलाने पाणी मागितलं तेव्हा चमच्याने पाजलं. निघताना बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्या पापामुळे नाही." एवढंच. मी नंतर त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं? तो म्हणाला, "ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. आमच्या सरांनी यावर अख्खा आठवडा घेतला होता."

म्हणून दादा, तुम्ही जा. आमच्या वॉर्डासाठी तरी जा. जमलं तर पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुग्णसेवेचं पाळकीय प्रशिक्षण मिळतं, तेही बघा.

अमळनेरची_लेक
सातपुडा_वारा ताई, वाचताना डोळे भरले.

बायकांच्या बाजूने थोडं. मी बी.डी. केलंय. माझ्या वर्गात मुली कमी होत्या, पण हिब्रूत पहिली आलेली मुलगीच होती. परत आल्यावर मात्र मला संडे स्कूल आणि महिला मंडळ मिळालं. व्यासपीठ नाही. आमच्या संस्थेत स्त्रियांना दीक्षा नाही. उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मिळते, दक्षिण भारतीय मंडळीत (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ मध्ये स्त्री बिशप झाल्या. मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण शिकल्याचा पश्चात्ताप एक दिवसही झालेला नाही. आपल्या खेड्यांत घरोघरी जाऊन वचन पोचवलं ते बायबल बायांनी. त्यांना कुणी पदवी दिली नाही, पाळकाच्या बरोबरीचा पगारही दिला नाही.

आणि रंगावलीकाठ, शिकून माणूस परका होतोच असं नाही. पंडिता रमाबाई आठवा. संस्कृतातल्या पंडिता. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक धरलं, कशासाठी? मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर तोवर हातावेगळं केलं होतं, १९२४ मध्ये ते छापून निघालं. सगळ्यात अवघड भाषा शिकल्या त्या सगळ्यात सोपं लिहिण्यासाठी. नारायण वामन टिळकही तसेच. नगरच्या सेमिनरीत शिकवत होते, पण भक्ती गायली अभंगात. त्या दादाची चूक शिकण्यात नव्हती. शिकलेलं ज्या इंग्रजी शब्दांत मिळालं, ते शब्द मराठी करून तसेच म्हातारीच्या मयतीत आणले, तिथे चुकलं.

ग्रीकमधला एक शब्द सांगते. येशूला लोकांचा कळवळा आला, असं शुभवर्तमानात वारंवार येतं. मूळ शब्द आतड्यांवरून आलाय. इंग्रजी पुस्तकात त्याच्यावर पानंच्या पानं टीप होती. मी महिला मंडळात एवढंच म्हटलं, "त्याचं आतडं तुटलं." मागे बसलेल्या काकू लगेच म्हणाल्या, "हां, माय सारखं." टीप संपली.

तापी_पॅसेंजर
ऊसतोडीच्या प्रश्नावर. ही अडचण जगात दुसरीकडेही आली होती. ग्वाटेमालात १९६३ च्या सुमारास तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने बघितलं की खेड्यातले खरे पुढारी शेती आणि घर सोडून राजधानीत येऊच शकत नाहीत. जे तरुण येतात ते शहरातच राहतात. मग शिक्षकच आठवड्याला खेड्यांत जायला लागले. विद्यार्थ्याने घरी पुस्तक वाचायचं, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमून चर्चा करायची, आणि शिकलेलं रविवारी मंडळीत लगेच वापरायचं. आपल्याकडे बंगळुरूच्या टाफ्टी या संस्थेने हीच पद्धत आणली. सेरामपूरच्या सिनेटचेही नोकरी-धंदा सांभाळून करायचे अभ्यासक्रम आहेत. मी स्वतः त्यातला एक रात्रपाळीत पुरा केला. शिक्षणशास्त्र, इतिहास, बायबल सगळं होतं, पण हिब्रू मात्र राहिलंच. त्याची खंत आहे. भाषा एकट्याने होत नाही, समोर चूक काढणारं कुणी लागतं.

म्हणून माझं मत असं. तुझं वय आहे, लग्न व्हायचंय, तू निवासी शिक्षणालाच जा. घरून करायचा अभ्यासक्रम बाबांसाठी आणि मंडळीतल्या दोन-तीन वडिलांसाठी सुरू कर. तुझ्यामागे घर रिकामं राहणार नाही.

जुना_पाळक
तापी_पॅसेंजर यांच्याशी सहमत. थोडी भर घालतो.

सेमिनरीत सुट्टीतल्या सेवेसाठी आणि प्रत्यक्ष कामासाठी मंडळी निवडायची असते. बहुतेक पोरं पुण्या-मुंबईची मोठी चर्चं मागतात. तिथे माइक चांगला असतो. तू प्राचार्यांना स्वतः जाऊन सांग की नाताळच्या सुट्टीत मला बारडोलीकडच्या पडावावर पाठवा. तुझी माणसं तिथेच असतील. ताडपत्रीच्या झोपडीसमोर, उसाच्या पाचटावर बसून नाताळची उपासना घे. इस्राएल लोक अरण्यात तंबूंत राहिले, वल्हांडणाची भाकर घाईने खाल्ली. हे सगळं तू वर्गात वाचशील तेव्हा तुला पडाव दिसेल. वर्गात बाकीच्यांना जे नकाशावर शोधावं लागेल, ते तुझ्या घरच्यांनी अंगावर काढलंय. लाजू नकोस, उभं राहून सांग.

एक वही मावचीची ठेव. वर्गात जो नवा विचार मिळेल तो त्या रात्री दोन ओळी मावचीत लिहून बघ. लिहिता आला नाही तर तो तुला अजून कळलेला नाही असं समज. मी अहिराणीची अशी वही ठेवली होती. सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं माझं पुस्तक तेच.

भाषेच्या माध्यमाचंही बघ. बिबवेवाडीला शिक्षण इंग्रजीतून. पुण्यातच युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही आहे, तिथे जाऊन मराठीतलं काय मिळतं ते स्वतः विचार. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकं फार जड जातात. मी मेसच्या मागे बसून रडलोय. दिवाळीपर्यंत धीर धर.

यरीहोचं उत्तर मी इथे देत नाही. मलाही ते पूर्ण सुटलेलं नाही. पण त्या पोराला शोधून काढ. उत्तर घेऊन जाऊ नकोस, तूही तोच प्रश्न घेऊन शिकायला चाललास एवढं सांग.

हिरवी_मिरची
मावचीच्या वहीचं वाचून भावाला फोन केला. त्याच्याकडे अहिराणीची वही आहे म्हणे! मला माहीतच नव्हतं.

रंगावलीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस गावात होतो, नेटवर्क नव्हतं.

बारावीचा तो पोरगा सापडला. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला लागलाय. हाताची आग होते म्हणून सारखं गार पाण्यात बुडवत होता. त्याला पाळकसाहेबांचं सांगितलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुम्ही शिकून आलात की मला पण शिकवाल?" मी हो म्हटलंय.

बाबांनी वडिलांच्या बैठकीत स्वतः विषय काढला. दोघं अजून विरोधात आहेत, तिघांनी सही केली. बाबांच्या आणि आणखी दोघांच्या घरच्या अभ्यासाची चौकशी करतोय. आईने एक स्थळ काढलंय, मुलगी नर्सिंग करतेय, तिला चार वर्षं थांबायला हरकत नाही म्हणते. बघू.

परीक्षेला अजून वेळ आहे. पाळकसाहेब, तोवर हिब्रूची सुरुवात घरी करता येईल का? कुठून करू?

जुना_पाळक
येईल. एकशे एकोणिसावं स्तोत्र उघड. त्याचे २२ भाग आहेत, प्रत्येकात ८ वचनं. हिब्रूत अक्षरंही २२. पहिल्या भागातलं प्रत्येक वचन हिब्रूत आलेफने सुरू होतं, दुसऱ्यातलं बेथने, असं शेवटपर्यंत. रोज एक भाग मराठीत वाच आणि त्याचं अक्षर उजवीकडून डावीकडे गिरव. बाबांनाही बरोबर घे, त्यांना स्तोत्र तोंडपाठ असेल. बाविसाव्या दिवशी मला फोन कर, नंबर व्यनितून पाठवतो.